ग्रंथपालाने फोन स्वतःच्या हातात का घेऊ नये?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थी महिलांना ई-केवायसी बंधनकारक केली आणि पुढचे तीन महिने गावोगावच्या सेतू केंद्रांसमोर रांगा लागल्या. ई-केवायसी म्हणजे कागदपत्रे न देता, आधार क्रमांकाच्या मदतीने ऑनलाइन ओळख पटवणे. महिलेने प्रथम स्वतःचा आणि नंतर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक भरायचा, आणि दोन्ही वेळा त्या त्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी, म्हणजे काही मिनिटांपुरता चालणारा गुप्त आकडा, टाकायचा, अशी ती पद्धत होती. शासनाच्या दृष्टीने हे घरबसल्या होणारे काम होते. प्रत्यक्षात कोणाचा आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला, कोणाचा नवरा कामासाठी परगावी आणि फोन त्याच्याजवळ, कोणाला पती नाही आणि वडीलही नाहीत, तर कोणाच्या फोनवर ओटीपी येऊनही तो कुठे उघडायचा हे ठाऊक नाही. मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली.

रांगेतल्या अनेकींचे काम शेवटी दुसऱ्या कोणीतरी करून दिले. पुढचा अर्ज येईल तेव्हा त्या पुन्हा तिथेच उभ्या असतील, कारण काम झाले तरी ते कसे झाले हे त्यांना समजलेले नाही. हे शिकवायचे कोणी, या प्रश्नाला जगभरात बऱ्याच ठिकाणी एक उत्तर दिले जाते आणि ते आपल्याकडे थोडे अनपेक्षित वाटते: सार्वजनिक ग्रंथालयातील ग्रंथपालाने. युनेस्को आणि ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्ला यांनी २०२२ मध्ये सुधारलेल्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यातही डिजिटल कौशल्ये रुजवणे हे ग्रंथालयाचे काम मानले आहे. डेन्मार्कमध्ये १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी पत्रव्यवहार नागरिकांना डिजिटल टपालपेटीतच स्वीकारावा लागू लागला, तेव्हा गोंधळलेल्या ज्येष्ठांना हात देण्याचे काम तिथल्या ग्रंथालयांनी केले. मात्र ग्रंथपालाला संगणक येतो म्हणजे त्याला शिकवताही येते असे नाही. त्यासाठी त्याला वेगळे प्रशिक्षण लागते, आणि या लेखाचा विषय ते प्रशिक्षण हा आहे.

शिकायचे आहे ते नेमके काय?

डिजिटल कौशल्य म्हटले की डोळ्यांसमोर संगणकाचा वर्ग, टायपिंग आणि भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र येते. इथे अभिप्रेत असलेली कौशल्ये त्याहून खूप साधी आहेत: आलेला संदेश बँकेचा आहे की भामट्याचा हे ओळखणे, खात्यात पैसे जमा झाले का ते पाहणे, अर्ज भरल्यावर त्याचा क्रमांक जपून ठेवणे, डॉक्टरांची वेळ घेणे, परगावच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावणे. ज्यांना हे येते त्यांना यात शिकण्यासारखे काही आहे असेही वाटत नाही.

ज्यांना येत नाही त्यांची संख्या मात्र कमी नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ३८ टक्के स्त्रियांनीच आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरले होते. पुरुषांमध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांच्या पुढे होते. ‘कधीतरी’ या शब्दात नातवाच्या फोनवर एकदा पाहिलेले कीर्तनही येते, आणि पन्नाशीपुढचे लोक तर या मोजणीत नाहीतच.

या लेखात ‘दुर्बल घटक’ म्हणताना मला केवळ गरीब माणसे अभिप्रेत नाहीत. ऑनलाइन व्यवहारात झालेली चूक ज्यांना इतरांपेक्षा महाग पडते आणि ती निस्तरण्याचे मार्ग ज्यांच्याकडे कमी असतात, असे सगळे त्यात येतात: वृद्ध, अल्पशिक्षित, अपंग, स्वतःचा फोन नसलेल्या स्त्रिया, हंगामी स्थलांतर करणारे मजूर. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना केवायसीच्या वेळी कॅमेऱ्यापुढे पापणी मिटता येत नव्हती, आणि यंत्र तर पापणी मिटल्याशिवाय त्यांना जिवंत मानायला तयार नव्हते. हे प्रकरण त्यातून उभे राहिले आणि न्यायालयाने केवायसी सर्वांना जमेल अशी करण्यासाठी वीस निर्देश दिले.

सेतू केंद्र आहे, घरात नातू आहे; मग ग्रंथालय कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. सेतू केंद्र किंवा महा ई-सेवा केंद्र हे काम करून देण्याचे ठिकाण आहे आणि ते ते काम करतेही. पण केंद्रचालकाचे उत्पन्न अर्जांच्या संख्येवर अवलंबून असते. रांगेत तीस माणसे उभी असताना त्याने एका आजींना अर्धा तास शिकवत बसावे, अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय शिकलेली माणसे त्याच्याकडे पुन्हा येणार नाहीत, हा हिशेब वेगळाच.

नातवाची अडचण निराळी आहे. त्याला येते, पण धीर नाही. ‘आण इकडे’ म्हणून तो फोन घेतो, चार ठिकाणी बोट फिरवतो आणि ‘झालं’ म्हणून परत देतो. काही घरांमध्ये तर आजीच्या खात्यात किती पैसे आले हे तिच्याआधी नातवाला कळते आणि पिनही त्यालाच पाठ असतो. घरातल्या माणसाकडूनच आर्थिक फसवणूक होते तेव्हा ती पोलिसांपर्यंत सहसा जात नाही.

ग्रंथालयात या दोन्ही गोष्टी टळतात. तिथे अर्जामागे पैसे घेणारे कोणी नसते, घरचे कोणी डोकावत नसते, आणि वर्तमानपत्र वाचायला येऊन बसण्याची सवय गावातल्या ज्येष्ठांना आधीपासूनच असते. महाराष्ट्राला ग्रंथालयांची परंपरा नवी नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, कोल्हापूर संस्थानाचा ग्रंथालय कायदा १९४५चा, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीचा, आणि राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. या कायद्याखाली आज ११ हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये चालतात. त्यांपैकी सगळी हे काम करू शकतील असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, पण इतके पसरलेले दुसरे जाळे तयार करायला किती काळ लागेल याचाही विचार करायला हवा.

सरकारने हे एकदा शिकवलेच होते ना?

होय. ‘प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान’ २०१७ मध्ये सुरू झाले आणि ३१ मार्च २०२४ रोजी संपले. ग्रामीण भागातील सहा कोटी घरांमध्ये प्रत्येकी एक व्यक्ती साक्षर करण्याचे उद्दिष्ट होते, आणि ६.३९ कोटी लोकांना प्रशिक्षण दिल्याची सरकारी नोंद आहे. आकडा मोठा आहे. तरीही २०२५ मध्ये रांगा लागल्या, याची काही कारणे अभियानाच्या रचनेतच सापडतात. वयोमर्यादा १४ ते ६० होती, त्यामुळे ज्यांना सर्वाधिक गरज होती ते दारातच अडले. घरटी एकच व्यक्ती घ्यायची असल्याने अनेक घरांतून ती मुलगा किंवा सून असणार हे उघड होते. प्रशिक्षण वीस तासांचे होते आणि शेवटी परीक्षा होती. एकदा परीक्षा दिली की शिकवणाऱ्याचा आणि शिकणाऱ्याचा संबंध संपला. पुढच्या महिन्यात ॲपचा चेहरामोहरा बदलला तर विचारायचे कोणाला, याचे उत्तर त्या योजनेत नव्हते.

केरळने वेगळी वाट धरली. ‘डिजी केरळ’ मोहिमेत स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन कोणाला काय येत नाही याची आधी पाहणी केली, मग सुमारे २१.८७ लाख लोकांना शिकवले, आणि त्यात नव्वदी ओलांडलेले लोकही होते. २१ ऑगस्ट २०२५ रोजी राज्य पूर्ण डिजिटल साक्षर झाल्याची घोषणा झाली. ‘पूर्ण’ या विशेषणाबद्दल मला शंका आहे, पण वयाची वरची अट काढून टाकणे आणि शिकवण्याआधी विचारणे या दोन गोष्टी निःसंशय शहाणपणाच्या आहेत. आपल्या शेजारच्या कर्नाटकाने २०१९ मध्ये ग्रामपंचायतींमधली ग्रंथालये ग्रामविकास खात्याकडे सोपवली आणि पुढे त्यांना ‘अरिवु केंद्र’ असे रूप दिले. पुस्तकांबरोबर संगणक आणि शासकीय योजनांची माहिती एका छताखाली आणण्याचा तो प्रयत्न आहे.

ग्रंथपालाला काय शिकवायचे?

संगणक चालवण्याचा भाग या प्रशिक्षणात सर्वात लहान असावा. ग्रंथपालन प्रमाणपत्र किंवा बी.लिब. केलेल्या माणसाला तेवढे येते, आणि न आल्यास आठवड्यात येते. खरे प्रशिक्षण सुरू होते ते विचारण्यापासून. एखादी बाई येऊन ‘मला मोबाइल शिकायचाय’ म्हणते, तेव्हा तिला मोबाइल शिकायचा नसतो. निराधार योजनेचे पैसे जमा झाले की नाहीत, हे कोणाला न विचारता पाहायचे असते. वाचक एक मागतो आणि त्याला हवे असते दुसरे, हा अनुभव ग्रंथपालांना नवा नाही. संदर्भसेवा देताना नेमके प्रश्न विचारून खरी गरज काढून घेण्याचे तंत्र त्यांच्या अभ्यासक्रमात पूर्वीपासून आहे. तेच इथे वापरायचे. म्हणूनच संगणक-शिक्षकापेक्षा ग्रंथपाल या कामाला अधिक योग्य ठरतो, असे माझे मत आहे.

दुसरा धडा अधिक अवघड आहे: हात मागे ठेवणे. शिकणाऱ्याचा फोन स्वतःच्या हातात घ्यायचा नाही, त्याच्या पडद्याला बोट लावायचे नाही, फक्त सांगायचे आणि वाट पाहायची. परात आपल्याकडे ओढून घेऊन स्वतःच भाकरी थापणारी बाई कोणाला भाकरी शिकवत नसते, ती स्वयंपाक उरकत असते. ग्रंथपालांच्या बाबतीत याला एक खास अडचण आहे. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असे सांगते, आणि चांगल्या ग्रंथपालाच्या अंगात ते इतके मुरलेले असते की समोरचा माणूस एक अक्षर शोधताना मिनिटभर चाचपडला तर त्याचा हात आपोआप पुढे जातो. आज वाचवलेली दहा मिनिटे त्या माणसाला पुढच्या प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाच्या मजुरीइतकी पडतात, हे पटवून देणे आणि नंतर ते सरावाने अंगवळणी पाडणे यासाठी प्रशिक्षणातला सर्वाधिक वेळ द्यावा लागेल.

सरावाची एक सोपी पद्धत अशी. ग्रंथपालाच्या फोनची भाषा त्याला न येणाऱ्या लिपीत, समजा तमिळमध्ये, बदलायची आणि त्याच फोनवरून विजेचे बिल पाहायला सांगायचे. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने फक्त तोंडी मार्गदर्शन करायचे. पाच मिनिटांत घाम फुटतो, चूक होण्याची भीती वाटते, मदत करणाऱ्याचा सूर किंचित जरी चढला तरी राग येतो. जे भाषणातून समजत नाही ते अशा वेळी समजते. ‘अहो, सोपं आहे’ हे वाक्य का वापरायचे नाही, हेही त्यातून कळते: सोपे असूनही जमत नसेल तर मी मूर्ख आहे, असाच त्याचा अर्थ समोरच्याला लागतो.

सगळ्यांना एकच पाठ चालत नाही

वृद्धांचा थरथरणारा अंगठा पडद्यावर क्षणभर जास्त टेकतो आणि फोन त्याला ‘दाबून धरले’ असे समजतो. मग नको ते पर्याय उघडतात आणि आजोबांना वाटते फोन बिघडला. सेटिंगमध्ये जाऊन ही मर्यादा वाढवता येते, अक्षरेही मोठी करता येतात, पण हे बहुतेक घरांत कोणी केलेले नसते. आयुष्यभर कष्टाची कामे केलेल्यांच्या बोटांचे ठसे झिजतात आणि ‘अंगठा लागत नाही’ म्हणून त्यांना परत पाठवले जाते. पेन्शनधारकांना हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’ या सरकारी ऑनलाइन सोयीतून २०२१ पासून चेहरा दाखवूनही देता येतो, हे ग्रंथपालाला माहीत असेल तर नोव्हेंबरातली एक फेरी वाचते.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मराठीतून बोलून टाइप करण्याची सोय हा सर्वांत मोठा आधार आहे. दृष्टिहीन व्यक्ती अँड्रॉइड फोनवर ‘टॉकबॅक’ वापरतात. त्यात एकदा स्पर्श केला की फोन बोलून सांगतो आणि दोनदा टिचकी मारली की उघडतो. डोळसांना ही पद्धत सुरुवातीला उलटी वाटते, त्यामुळे ग्रंथपालाने डोळे मिटून तिचा सराव केलेला असला पाहिजे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न वेगळाच: हंगामात सिम बदलते, जुना नंबर बंद पडतो आणि आधारचा ओटीपी कायमचा हरवतो. अशा वेळी फोन शिकवण्याआधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या, हेच सांगावे लागते. आणि तेही गाव सोडण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास.

स्त्रियांच्या बाबतीत फोन कोणाचा हा पहिला प्रश्न असतो. तो नवऱ्याचा असेल तर तिने काय शोधले हे त्याला दिसते. मारहाणीविषयी किंवा दवाखान्याविषयी माहिती शोधणाऱ्या बाईला ग्रंथालयातला संगणक आणि शोधाची नोंद मागे न ठेवणारी खिडकी उघडून देणे, आणि ती काय पाहते याकडे न पाहणे, हाही कौशल्याचाच भाग आहे.

गुपिते ग्रंथपालाच्या हाती देणे धोक्याचे नाही का?

आहे, आणि म्हणूनच नियम कडक हवेत. ग्रंथपालाने कोणाचाही पिन ऐकायचा नाही, लिहून घ्यायचा नाही, ओटीपी मोठ्याने वाचू द्यायचा नाही. सार्वजनिक संगणकावर उतरवलेली आधारची प्रत काम झाल्याबरोबर पुसायची, खात्यातून बाहेर पडल्याची खात्री करायची, आणि शक्य तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड’ आधार वापरायला शिकवायचे. कोणती योजना घ्यावी, कर्ज काढावे का, पैसे कुठे गुंतवावेत याबद्दल सल्ला द्यायचा नाही. हे न पाळता सुरू केलेला उपक्रम नसलेलाच बरा.

फसवणुकीबद्दलही ग्रंथपालाला थोडे पण पक्के माहीत असावे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडली की फोनचा ताबा दुसऱ्याकडे जाऊ शकतो. ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर केलेली ‘अटक’, अशी कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. पैसे गेल्यास १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तातडीने फोन करायचा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ती गोठवली जाण्याची शक्यता असते. फसलेला माणूस ग्रंथालयात येतो तेव्हा तो लाजलेला असतो. ‘तुम्ही लिंक उघडलीच कशी?’ असे विचारले की तो उठून जातो आणि ते मोलाचे तास वाया जातात.

महिन्याला चार हजारांत हे कोण करणार?

सगळ्यांत जड आक्षेप हा आहे, आणि त्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. आपली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये शासनाची नसून नोंदणीकृत संस्थांची आहेत. शासन त्यांना वर्गवारीनुसार फक्त अनुदान देते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ६० टक्के वाढ मंजूर झाल्यानंतरही ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गातल्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान तीस हजारांवरून ४८ हजारांपर्यंतच पोहोचले. म्हणजे महिन्याला चार हजार, आणि त्यातच पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज आणि ग्रंथपालाचे मानधन. अशा माणसावर ‘समाजकार्य’ म्हणून आणखी एक काम टाकणे हे शोषण आहे, त्याला दुसरे नाव देऊ नये.

त्यामुळे सुरुवात जिल्हा आणि तालुका ‘अ’ वर्गातल्या ग्रंथालयांपासून व्हावी, जिथे संगणक, जागा आणि एकाहून अधिक सेवक आहेत. शिकवण्याच्या तासांचे स्वतंत्र मानधन ठरवावे. डिजिटल साक्षरता अभियानात प्रमाणपत्र परीक्षेसाठी केंद्रांना मोबदला देता आला, तर या तासांसाठीही देता यायला हवा. ग्रंथालय संचालनालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम जिल्हा ग्रंथालय संघांमार्फत चालतो, तिथे हा विषय घालता येईल. सध्या काम करणाऱ्यांसाठी सलग पाच दिवसांच्या शिबिरापेक्षा दोन दिवस शिकणे, महिनाभर आपल्या ग्रंथालयात प्रत्यक्ष करून पाहणे आणि मग अडचणी घेऊन एक दिवस परत येणे ही रचना अधिक उपयोगी पडेल, कारण खरे प्रश्न दुसऱ्या आठवड्यात सुरू होतात.

शिकले, हे कसे ओळखायचे?

किती जणांना प्रमाणपत्र दिले हे मोजणे सोपे असते आणि म्हणूनच ते मोजले जाते. ग्रंथालयाकडे याहून चांगले साधन आधीच आहे: देवघेवीची नोंदवही. तिच्याच धर्तीवर एक वही ठेवावी, ज्यात व्यक्तीचा आधार किंवा खाते क्रमांक न लिहिता फक्त नाव, कोणते काम शिकायला आली आणि त्याच कामासाठी पुन्हा कधी आली एवढेच लिहावे. पहिल्या महिन्यात तीच बाई त्याच कामासाठी तीनदा आली तर ते अपयश समजू नये; शिकणे तसेच होते. चौथ्या महिन्यात ती त्या कामासाठी आलीच नाही, तर एक तर ती शिकली असेल, किंवा कंटाळून सेतूच्या रांगेत परत गेली असेल. यातले खरे कोणते, हे विचारायला ग्रंथपालाला फार लांब जावे लागत नाही. तो त्याच गावात राहतो.